सिद्धूबरोबर सावरदरीचा किल्ला

सोलापुरात मी माहेरी निघाले असं कळलं की आमच्या आळीतल्या बायका माझ्याकडे काळजीने बघतात. मोगलाईत जायचं म्हणजे त्यांना वाघाच्या जाळीत शिरण्यासारखं वाटतं. गेल्या वर्षीच्या दिवाळीला एकीने विचारलं, "तिकडं रस्ते असतात का हो?" मी म्हटलं, "नाही. आम्ही झाडांवरून उड्या मारत जातो." तिला ते खरं वाटलं असावं, कारण तिने मान हलवली आणि माझ्या डब्यात चार लाडू जास्तीचे घातले.

तर अशा सगळ्या भगिनींसाठी लिहिते की निजाम सरकारच्या परभणी जिल्ह्यात रस्ते आहेत. त्यांवर धूळ आहे, आणि ती इंग्रजी मुलखातल्या धुळीपेक्षा काळी आहे, एवढाच फरक. तिथे ज्वारी आपल्यासारखीच उगवते. कचेरीत उर्दू चालते, पण चुलीपाशी मराठीच बोलतात, आणि तीही अशी गोड ओढून की माझ्यासारखी सासुरवाशीण गाडीतून उतरल्याबरोबर निम्मं सोलापूर विसरते. आणि तिथे पाहण्यासारखा एक किल्लाही आहे. त्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, त्यावर कोणी पोवाडा रचलेला नाही. पण तो मी पाहिला, आणि जन्मभर विसरणार नाही.

खरं सांगायचं तर मी किल्ल्यासाठी गेलेच नव्हते. मी गेले होते सिद्धूसाठी.

सिद्धू माझा धाकटा भाऊ. तो दोन वर्षांचा असताना आई गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची, त्याला कडेवर घेऊनच सगळी कामं उरकायची. अंगणात खेळता खेळता तो धापा टाकत यायचा आणि उंबऱ्यातूनच ओरडायचा, "आक्का, पाणी!" शेजारणी दारात बसलेल्या असल्या तरी त्याला पाणी माझ्याच हातचं लागायचं. पुढे माझं लग्न झालं, मी सोलापूरला आले, आणि तो आमच्या वडिलांजवळ, अप्पांजवळ, बोरीत वाढला. बोरी म्हणजे जिंतूर तालुक्यातलं मोठं शेतकरी गाव. आमचं घर तिथे जंगमाचं. लिंगायतांच्या घरी दीक्षा, लग्न, मर्तिक, सगळं करणारे ते जंगम.

आमच्यात एक रीत आहे, ती इथे सांगितली पाहिजे. मठाचे महाराज थकले की एखाद्या जंगमाच्या घरचा मुलगा निवडतात आणि त्याला गादीवर बसवतात. त्याला पट्ट म्हणतात. पट्ट झालेला मुलगा मग कोणाचा मुलगा राहत नाही, कोणाचा भाऊ राहत नाही. त्याला संसार नाही, घर नाही. बापानेसुद्धा त्याच्या पाया पडायचं आणि 'महाराज' म्हणायचं. तो कुणाला अप्पा म्हणणार नाही, आक्का म्हणणार नाही.

सिद्धूची निवड झाली होती. पट्ट कार्तिकातल्या एका सोमवारी ठरला होता, आणि मी भाऊबीजेला आले तेव्हा तो सोमवार जवळ येऊन ठेपला होता.  ही शेवटची भाऊबीज हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे अनारशांबद्दल बोलत होते.

मला एकच राग होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. अप्पांना धन्यता वाटली, गावाला अभिमान वाटला, महाराजांना वारस मिळाला. आणि माझा बावीस वर्षांचा भाऊ, जो नकला करतो, झाडावर चढतो, मला 'सोलापूरची चादर' म्हणून चिडवतो, त्याच्या मनात काय आहे? मी ठरवून आले होते की त्याला एकटं गाठायचं आणि विचारायचं. त्याने नुसतं 'नको' म्हटलं असतं तर मी अप्पांशी भांडले असते, मठाशीही भांडले असते. भांडायची मला सवय आहे, घरी विचारा.

घरात तो एकटा सापडेना. पाहुण्यांची रीघ लागलेली. मग मीच म्हटलं, "सिद्धू, तू लहानपणी मला कबूल केलं होतंस. तो किल्ला दाखव."

आमच्या शेतातून उत्तरेला डोंगराची निळी रेघ दिसते. तिच्यात एक खाच आहे, तोच सावरदरीचा किल्ला. सहा वर्षांचा असताना, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, त्याने मला वचन दिलं होतं, "आक्का, तू रडू नको. मी मोठा झालो की तुला थितं नेतो." आता तो मोठा झाला होता.

वाटेवर

कोंबडं आरवायच्या आत निघालो. गाडी नारबामामांची. मामा आमच्या शेताशेजारचे, जुने शेतकरी. त्यांच्या बैलांना घाई ठाऊक नाही आणि मामांनाही नाही. मी दोनदा म्हटलं, जरा हाका की. मामा मागे वळूनसुद्धा बघेनात.

"बाई, गाडी हाय ही, आगीनगाडी न्हाई. किल्ला लय वर्सं झालं थितंच हाय. तू जाईस्तोर कुठं पळायलाय?"

उजाडलं तसं शिवार दिसू लागलं. तूर पिवळी फुलली होती, कापसाची बोंडं उकलली होती, आणि ज्वारीचं पीक वीतभर वर आलं होतं. आमच्या सोलापूरकडे एवढी काळी, एवढी जाड जमीन बघायला मिळत नाही. सिद्धू पहाटेच अंघोळ आणि लिंगपूजा करून निघाला होता, पण तोंडात काही घातलं नव्हतं. "किल्ल्यातल्या बारवंत पुन्ना अंगूळ करतो, पूजा करतो, आन् मंग तुहे धपाटे. रिकाम्या पोटी चढलं की भूक लागती," असा त्याचा बेत होता. फडक्यात मी धपाटे बांधले होते, दशम्या होत्या, भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं, आणि मडक्यात दही.

गाडीच्या धक्क्याने त्याच्या सदऱ्याची गुंडी सुटली, तेव्हा माझं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. आम्ही लिंगायत आपलं इष्टलिंग चांदीच्या लहान डबीत ठेवून गळ्यात बांधतो. ते दीक्षेच्या वेळी गुरूकडून मिळतं आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. सिद्धूच्या डबीचा दोरा पार विरला होता. नुसत्या दोन-चार सुतांवर डबी लोंबत होती.

"अरे, दोरा बघ केवढा जीर्ण झालाय! बदलला का नाहीस?"

"अप्पा म्हणले, राहू दे. पट्टाच्या दिवशी महाराजांच्या हातानं नवा पडणार हाय. चार दिसांसाठी आता कशाला बदलतोस?"

दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं नसतं. साधा दोरा तुटायला आला तर माणूस बदलतो. पण आमच्याकडे गुरूच्या हातचा नवा दोरा येणार म्हणून जुना तसाच मानाने झिजू दिला होता. मीही जंगमाचीच लेक. मला ते पटलं आणि मी गप्प बसले.

दरवाजा

सोलापूरचा किल्ला गावात आहे. संध्याकाळी फिरायला जावं, लेकरांनी खेळावं, असा माणसाळलेला. सावरदरीचा तसा नाही. तो डोंगराच्या खांद्यावर एकटा बसलाय, आणि वाट अशी खडी की मामांनी गाडी खाली बाभळीखाली सोडली, बैल हाकत वर पाण्यावर आणतो म्हणाले, आणि आम्ही दोघं पुढे चढलो. दरवाजा मात्र बघत राहावा असा. हत्तीने धडक मारू नये म्हणून फळ्यांना लोखंडी खिळे, प्रत्येक खिळा माझ्या मनगटाएवढा. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, आणि त्यातल्या एका देवडीत सरकारी राखणदार राहतो, त्याची चूल आणि त्याच्या शेळ्या यांच्यासह.

त्याचं नाव करीमचाचा. दाढी मेंदीने लाल, डोळे मिश्कील. त्याने आम्हाला बघितलं आणि खाटेवरून उठला.

"आओ बेटी, आओ. किल्ला देखने आये? देखो, देखो. पत्थरांच हैं, पर अच्छे पत्थरां हैं."

दरवाजावर एक फारसी लेख कोरलेला आहे. सिद्धू उर्दू शाळेत शिकलेला, मला त्यातलं एक अक्षर येत नाही. मी म्हटलं, वाच. त्याने हात मागे बांधले, मान वर केली आणि घसा खाकरून वाचलं, "निजाम सरकार बंदगाने आली फर्मावतात की, सोलापूरची जी बाई मोठ्या आवाजात बोलती, तिनं या दरवाजातून आत जाताना तोंड मिटावं."

मी क्षणभर खरंच मिटलं. मग करीमचाचा इतका हसला की त्याला खोकला आला. "नक्को बाबा, बहन कू कायकू सताते? उसमें तो बनानेवाले का नाम है और अल्ला का नाम है. बस."

मी सिद्धूच्या पाठीत धपका घातला. हाच मुलगा चार दिवसांनी गादीवर बसणार होता आणि मोठमोठे सावकार त्याच्यापुढे लोटांगण घालणार होते. 

आत सगळीकडे गवत, आणि गवतात पडलेली दालनं. धान्याचं कोठार अजून शाबूत आहे, त्यात वटवाघळांचा वास. एक तोफ आहे, लांबलचक, तिच्या तोंडात साळुंकीने घरटं केलंय. तटाच्या भिंतीत जुन्या देवळाचे दगड बसवलेले दिसतात, आणि त्यातच एक नंदी, आडवा चिणलेला, फक्त तोंड बाहेर. सिद्धू त्याच्यापुढे उभा राहिला, त्याच्या कपाळावरची माती त्याने उपरण्याने पुसली आणि म्हणाला, "बगितलंस का आक्का? कुणी कसाबी बसवला, तरी बसलाय गपचीप. तोंडबी वाकडं केलं न्हाई."

मला वाटलं, हीच वेळ. मी विचारलं, "आणि तू? तुला बसवणार आहेत ते चालतंय का तुला? खरं सांग सिद्धू. मी अप्पांशी बोलते. अजून वेळ गेली नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बुरुजाकडे पाहिलं. "आगं माय, सीताफळं! बग कसे डोळे उघडलेत!" असं म्हणून तो चढलासुद्धा.

सावरदरीचा सगळा तट सीताफळीच्या झाडांनी फोडलाय. दिवाळीच्या सुमाराला ती पिकायला येतात. हा बाबा बुरुजाच्या पडक्या कडेवरून, फांद्यांत डोकं घालून, एका हाताने लटकत फळं तोडतोय आणि खाली माझ्या पदरात टाकतोय. मी ओरडतेय, उतर मेल्या, मान मोडेल. तो वरून म्हणतोय, "ही बग मोठी! ही तुह्या नवऱ्याला ने!" शेवटी पदर जड झाला तेव्हा तो उतरला, हातापायांना ओरखडे, केसांत पानं. माझा प्रश्न त्याने तिथेच तटावर सोडून दिला होता.

बारव

किल्ल्याच्या मधोमध बारव आहे. दगडी पायऱ्या खाली खाली जातात आणि तळाशी हिरवंगार, थंडगार पाणी. वरचं ऊन आता चांगलंच तापलं होतं. सिद्धूचा घसा कोरडा पडला होता, चालताना तो सारखा ओठ चाटत होता. मी म्हटलं, आधी घोटभर पाणी पी. तो म्हणाला, "आता अंगूळ करूनच पितो की." बेलाच्या झाडाची पानं त्याने आधीच खुडून आणली होती. पायरीवर बसून त्याने सदरा काढला आणि हात छातीकडे नेला.

हात तिथेच राहिला.

मी बघितलं. गळ्यात दोऱ्याचं एक टोक होतं. डबी नव्हती.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. इष्टलिंग हरवलं तर ते सापडेपर्यंत, नाहीतर गुरूकडून नवं मिळेपर्यंत, अन्न नाही, आणि पाण्याचा थेंबही नाही. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी असे उपास काढलेले मी ऐकलेत. आणि ज्याचा पट्ट चार दिवसांवर आला त्याचं लिंग हरवणं म्हणजे तर अपशकुनांचा राजा. मठात ही गोष्ट कळली असती तर कोणी त्याला गादीला हात लावू दिला नसता.

सिद्धूचं तोंड उतरलं. त्याने सदरा झटकला, उपरणं झटकलं, पायऱ्या पाहिल्या.  माझा बडबड्या भाऊ असा गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता.

मग शोध सुरू झाला. कोठार पाहिलं, तोफ पाहिली, नंदीपुढची माती हातांनी चाळली. करीमचाचा शेळ्या सोडून आमच्याबरोबर वाकून वाकून गवत बघत होता. "मैं हात नहीं लगाता बेटी," तो मला हळूच म्हणाला, "दिखा तो आवाज देतूं. आपकी चीज है, आपीच उठाना." नंतर त्याने सिद्धूच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं. "पानी नहीं पीते क्या?" मी रीत सांगितली. म्हातारा बराच वेळ डोकं हलवत राहिला. "मेरा रोजा तो सूरज डूबा की मगरिब कू खुलता, बेटी. इनका कब खुलना?"

मी पुन्हा गवतात वाकले.

ऊन डोक्यावर आलं. सिद्धूला चालताना भोवळ आल्यासारखं झालं, तसं मी त्याला दमदाटी करून बारवेपाशी सावलीत बसवलं आणि म्हटलं, बुरुज मी बघते. तू इथून हलायचं नाही. तो बसला.

बुरुजाच्या बाजूला मी एकटीच गेले. सीताफळीखाली पाचोळा होता, त्यात काठीने ढोसत, पदर काट्यांतून सोडवत मी पुढे सरकत होते. आणि मग उन्हात काही चमकलं. तटाच्या फटीत, दोन दगडांमध्ये, चांदीची डबी. वर फांदीला दोऱ्याचं दुसरं टोक अडकलेलं. फळं तोडताना विरलेला दोरा फांदीत गुंतून तुटला होता.

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावू नये म्हणून मी पदराने डबी उचलली. केवढीशी ती. माझ्या मुठीत मावली.

आणि मी हाक मारली नाही.

मी उभी राहिले. खरं लिहायचं असेल तर हेही लिहिलं पाहिजे. माझ्या मनात आलं की ही मूठ मी उघडली नाही तर सोमवारी काही होणार नाही. लोक चार दिवस हळहळतील, महाराज दुसरा मुलगा बघतील, अप्पा त्याला नवं लिंग देतील. सिद्धू घरी राहील. त्याला बायको येईल, लेकरं होतील, ती मला आत्या म्हणतील. पुढच्या भाऊबीजेला मी येईन आणि तो मला 'सोलापूरची चादर' म्हणेल. यात मला काही करायचंही नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि दरवाजावरच्या लेखात तर तसं फर्मानच होतं!

तटावरून खाली बारव दिसते. मी तिकडे पाहिलं.

नारबामामा बैल घेऊन वर आले होते. बैल तहानलेले. सिद्धू सावलीत बसायचं सोडून उठला होता आणि बारवेच्या रहाटाने पाणी ओढत होता. पोहरा भरून वर येई, सिद्धू तो दगडी कुंडीत ओती, बैल घटाघट पीत. करीमचाचाच्या शेळ्याही येऊन चिकटल्या, त्यांनाही त्याने पाणी दिलं. त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते. एकदा त्याने ओला हात तोंडाकडे नेला, घाम पुसायला असेल, आणि ओठांपाशी येताच तो झटकन बाजूला केला. हाताला पाणी लागलं होतं म्हणून.

माझ्याने ते बघवलं नाही. मठ, गादी, भाऊबीज, सगळं डोक्यातून गेलं. मला फक्त दिसलं की माझ्या लेकराला तहान लागलीय आणि त्याचं पाणी माझ्या मुठीत आहे.

"सिद्धू! सापडलं रे! सापडलं!"

माझा तो ओरडा बोरीपर्यंत गेला असेल.

त्याने अंघोळ केली. मी माझ्या लुगड्याच्या काठातली सुतं उसवून, पीळ देऊन दोरा वळला. त्याने डावा तळहात पुढे करून त्यावर लिंग ठेवलं, बेल वाहिला, डोळे मिटले. नारबामामा हात जोडून उभे होते. करीमचाचा पाठ करून लांब उभा होता, शेळ्यांना गप्प करत. पूजा झाली, डबी माझ्या दोऱ्याने पुन्हा गळ्यात बांधली, आणि मग सिद्धू माझ्याकडे वळला आणि ओंजळ धरली.

"आक्का, पाणी."

मी ओतत राहिले आणि तो पीत राहिला. पाणी त्याच्या हनुवटीवरून, छातीवरून ओघळत होतं. मला हसूही येत होतं आणि रडूही. शेवटी मामा म्हणाले, "बास करा सामी, बारव रिकामी व्हायली," तेव्हा तो थांबला.

मग जेवलो. धपाटे वाळून चामड्यासारखे झाले होते आणि दही आंबलं होतं, पण सिद्धूने त्यातलं मागे काही ठेवलं नाही. करीमचाचाला आम्ही दशम्या आणि माझ्या सोलापुरी शेजारणीचे लाडू दिले. लाडू खाऊन तो म्हणाला, "इंग्रेज के मुलुक में बी अच्छे लोगां हैं." हा निरोप मी त्या बाईंना आल्याबरोबर पोचवला.

मामा बैल घेऊन पुढे उतरले. आम्ही दोघं दरवाजाच्या पायरीवर सीताफळं खात बसलो. बिया कोण लांब थुंकतो याची पैज लागली. होणारे महाराज हरले. मी काही विचारलं नाही. विचारायचं बळच उरलं नव्हतं. तोच म्हणाला, "लय येळ हुबी होतीस तू तटावर."

मी दुसरं सीताफळ फोडलं.

"खालून तुहा पदर दिसायला होता. मूठ बी दिसायली होती."

"मग हाक का मारली नाहीस?"

"तूच मारशील म्हणलं." त्याने एक बी थुंकली. "आक्का, तू दिसभर इचारायलीस ना, मला चालतंय का म्हून. मला ठाव नव्हतं बग. सगळ्यांनी ठरवलं, मी हो म्हणलो. पण मघाशी गळ्याला हात लावला आन् डबी न्हाई, तवा पयल्यांदा वाटलं, चला, सुटलो. आन् दुसऱ्या घडीला असं भ्याव वाटलं, असं भ्याव वाटलं, की आता मला कोन बसवंल थितं? मला पाह्यजे हाय ते, आक्का. तुला कसं सांगू? तू तर मला घरी ठिवायला आल्तीस."

मी सीताफळ सोलत राहिले. डोळ्यांतलं पाणी त्याच फळावर पडत होतं. मग मी म्हटलं, "सांगायचं होतंस की रे गाढवा. सकाळीच सांगितलं असतंस तर एवढा डोंगर चढायला लावला नसता."

"मंग किल्ला कोन बगितला असता?" तो म्हणाला.

उतरताना त्याने माझा हात धरला होता. वाट निसरडी होती म्हणून, असं तो म्हणाला.

सोमवारनंतर

पट्ट थाटात झाला. त्याचं वर्णन मी करत नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. महाराजांनी नवा दोरा घातला. अप्पा सिद्धूच्या पाया पडले तेव्हा मी खांबाकडे बघत होते. माझी पाळी आली, मी डोकं टेकलं, 'महाराज' म्हटलं. तो समोर ताठ बघत होता, आणि ते बरं झालं.

यंदा दिवाळीनंतर मी पुन्हा गेले. सोलापूरहून दोन गाड्या बदलून, मग मोटार, मग बैलगाडी, अशी थेट मठात. दर्शनाला रांग होती. मी रांगेत उभी राहिले, सगळ्यांसारखी. गादीवर तो बसला होता, भस्माचे पट्टे ओढलेले, जरा वाळलेला. डोळे शांत झालेत त्याचे. त्याने मला पाहिलं, पण चेहरा तसाच ठेवला. मी डोकं टेकलं. पाठीमागच्या बाईने मला पुढे सरका म्हणून ढोसलं.

मी सरकले, तेवढ्यात त्याने शेजारच्या सेवेकऱ्याला बोलावलं. आवाज महाराजांचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"या माउली लांबून आल्या आहेत. आधी त्यांना पाणी द्या."

सेवेकऱ्याने तांब्या आणला. मला तहान नव्हती, वाटेत मोटारीच्या अड्ड्यावर मी पोटभर पाणी प्याले होते. तरी तो सगळा तांब्या मी तिथेच, त्याच्यासमोर उभी राहून, पिऊन टाकला.